जिप्सीचे मागचे पाटे

जुनी मारुती जिप्सी घेतली असं कळलं की गोव्यातला प्रत्येक हौशी माणूस एकच विचारतो, "मग, लिफ्ट कधी करतोस?" म्हणजे गाडी उंच कधी करतोस. चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) कुजलीय का, क्लच कसा आहे, फोर बाय फोर नीट पडतो का, हे प्रश्न मागाहून येतात, कधीकधी येतच नाहीत. उंच गाडी मलाही आवडते. पण माझ्या गाडीचं दुखणं उंचीचं नव्हतंच. तिचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबायलाच तयार नव्हते.

गाडी १९९९ ची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, १२९८ सीसीची. माझ्याआधी ती मांद्र्याच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीतलं हॉटेल, चालवणाऱ्या एकाकडे होती. बियरचे क्रेट, बर्फाच्या लाद्या, जनरेटर, भरतीच्या वेळी ओढून आणलेल्या खुर्च्याटेबलं, असं सगळं तिने वाळूतून वाहिलं. माझं काम त्याच्या उलट. वाळपईच्या पुढे, सत्तरीत, आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. डांबर संपलं की दगडगोट्यांची वाट, मग एक व्हाळ (ओढा), आणि व्हाळ ओलांडला की लगेच चिऱ्याच्या (जांभ्याच्या) कातळावरून आडवातिडवा चढ. जाताना गाडी रिकामी, येताना फार तर सुपारीची दोन पोती आणि पायाशी गडगडणारे नारळ. अशा गाडीत मागच्या बाकावर बसणारा माणूस दर खड्ड्याला वरच्या पाइपावर डोकं आपटून घ्यायचा. मेव्हणे तर पुढे पुढे व्हाळापाशीच उतरायचे आणि चालत यायचे. गाडीच्या आधी पोचायचे, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण त्या चढावर. डावं चाक कातळावर चढलं की उजवं मागचं चाक सरळ हवेत. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी, साधं, कुलूप नसलेलं. त्यामुळे हवेतलं चाक भिरभिर फिरतं आणि जमिनीवरचं नुसतं बघत बसतं. लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) टाका, नाहीतर देवाचं नाव घ्या.

जिप्सीची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८५ साली ती भारतात आली तेव्हापासून थेट बंद होईपर्यंत तिच्या चारही कोपऱ्यांना पाटेच राहिले. पुढे-मागे सलग एक्सल (दोन चाकांना जोडणारा कणा). मागच्या पाट्याचा पुढचा डोळा (वळवलेलं गोल टोक) चॅसीला एका बोल्टावर धरलेला, मागचा डोळा शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलता. पाटा दबला की लांब होतो, त्या लांबीला सरकायला जागा हवी म्हणून. एक्सल पाट्याच्या वर बसतो आणि यू-बोल्टांनी आवळला जातो. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं एक्सलखालच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि एक्सल पुढेमागे सरकत नाही. म्हणजे पाटा ही नुसती स्प्रिंग नाही. एक्सलला जागेवर धरणारा हातही तोच. त्याला हात लावला की पिनियनचा (एक्सलमध्ये जोर घेणाऱ्या दातेरी चाकाचा) कोन, त्याला इंजिनाकडून जोर पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकचा होस (रबरी नळी), शॉकअपची लांबी, सगळ्यांनाच थोडा थोडा हात लागतो.

उंच करण्याचे मार्ग ठरलेले आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब शॅकल. दोन इंच लांब शॅकल टाकला तर गाडी साधारण एक इंचच उचलते, कारण दोन डोळ्यांपैकी एकाचीच जागा बदलते. त्यातही मागचा डोळा खाली गेल्याने सगळा पाटा तिरका होतो, एक्सल किंचित फिरतो आणि पिनियनचं तोंड वर होतं. म्हापशाच्या एका मित्राने हे केलं. साठच्या पुढे काटा गेला की त्याच्या गाडीच्या पोटातून घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. त्याने शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस दोनदा बदलले, शाफ्ट बॅलन्स करून आणला, आणि शेवटी पाटा व बैठकीच्या मधे लोखंडी पाचर घालून कोन सुधारला तेव्हा कुठे आवाज थांबला. शॅकलमध्ये वाचवलेले पैसे पाचरीपर्यंत पोचेस्तोवर केव्हाच संपले होते.

दुसरा मार्ग म्हणजे एक्सलच पाट्याखाली घेणं. गाडी एकदम चार-पाच इंच वर जाते आणि फोटोत झकास दिसते. पण त्यासाठी एक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकण्याची भीती असते. शिवाय जोर लावला की एक्सल पाट्यालाच पिळतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा होतो. पुढच्या बाजूला स्टीअरिंगचे दांडे नव्याने जुळवा, ब्रेकच्या नळ्या लांब करा, आणि एवढं केल्यावर चोर्ला घाटातल्या वळणांवर गाडी कलंडते की काय असं वाटत राहणार. याच गाडीत पुढे बसून आई साखळीच्या बाजाराला जाते. तिला चढायला स्टूल द्यावं लागलं असतं.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. माझ्या गाडीला पंधरा वर्षं उलटून गेलेली, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि तपासणी. तिथे जाऊन पाच इंच उंचीचं समर्थन करत उभं राहण्याची हौस मला नाही. मूळ बनावटीचे पाटे मूळ जागी नीट करून बसवणं ही सरळ दुरुस्ती. त्याबद्दल कोणाला काही सांगावं लागत नाही.

आता पाटे कडक करून घेणारे सगळे मूर्ख, असंही नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा बघा. हंगामभर रोज सात पर्यटक, ओढ्यातलं पाणी, तोच खडकाळ रस्ता. ती गाडी रिकामी अशी कधी नसतेच, तिला मागे जादा पाटा घालणं शहाणपणाचं. शॅकवाल्यालाही बर्फाच्या लाद्यांपुरतं ते बरोबरच होतं. माझी जिप्सी मात्र जेमतेम टनभराची आणि निम्मा वेळ रिकामी. ओझ्यासाठी बांधलेला पाटा ओझ्याशिवाय वापरला तर तो पाटा राहत नाही, चॅसीचाच एक तुकडा होतो.

पाने हातात घेण्याआधी मोजमाप केलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंना. उजवी बाजू १५ मिमी खाली होती. ड्रायव्हरच्या बाजूचं वर्षानुवर्षांचं बसणं. मग अंगणात चिरे रचून डावं मागचं चाक त्यांवर चढवलं. आडवा चिरा साधारण सात इंच. दोन थरांवर चाक गेलं आणि उजवं मागचं चाक जमिनीपासून सुटलं, खालून चप्पल सरकवता येईल इतकं. जाता जाता एक सांगून ठेवतो: चिरे चाकाखाली घालायला ठीक, पण जॅकवर घेतलेल्या गाडीला आधार म्हणून चॅसीखाली कधीही नाही. चिरा दिसतो दणकट, पण एका बिंदूवर भार आला की न सांगता भुगा होतो. लोखंडी घोड्या (स्टँड) वापरा, आणि त्यासुद्धा सपाट जमिनीवर.

काम केलं साखळीच्या आमच्या मेस्तांकडे, त्यांच्या गॅरेजच्या दारातल्या फणसाखाली. आदल्या संध्याकाळीच सगळ्या नट-बोल्टांवर डिझेल आणि गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज निराळाच असतो. सत्तरीतल्या पावसाचा गंज पापुद्र्याने सुटतो, तर खाऱ्या हवेचा गंज आट्यांमध्ये घुसून एकजीव होऊन बसतो. चॅसीला घोड्या लावल्या, एक्सल ट्रॉली जॅकवर धरला, शॉकअप सोडले. यू-बोल्टांचे नट पान्याला लांब पाइप लावूनही हलेनात. ते सरळ कापले. यू-बोल्ट तसेही पुन्हा वापरायचे नसतात. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही, आणि पकड सैल पडली की सगळा मार त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टावर येतो. तो तुटला की एक्सल वाट्टेल तिकडे.

पुढच्या डोळ्याचा बोल्ट मात्र खरा हट्टी. नट निघाला, बोल्ट गोल गोल फिरत होता, पण बाहेर येईना. डोळ्यातल्या रबरी बुशच्या आतली लोखंडी नळी गंजून बोल्टालाच चिकटली होती. बोल्ट फिरवला की नळी फिरे आणि रबर पिळवटे. मी गॅसच्या बाटल्याकडे पाहिलं. मेस्तांनी माझ्याकडे.

"बाब, ते विसरा," ते म्हणाले. "पेट्रोलची टाकी तिथे हातभरावर आहे. चवथीआधी फटाके नकोत."

मग पातळ चकतीचा ग्राइंडर घेऊन, टाकीवर ओलं गोणपाट टाकून आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून, बुश आणि ब्रॅकेटमधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. एका बोल्टाला अर्धी सकाळ गेली. याबद्दल लिहिण्यासारखं आणखी काही नाही. कान भरून वाजत होते आणि नाकातून दोन दिवस काळं येत होतं.

पाटे खाली आले आणि ते का दबत नव्हते ते समोर पडलं. चिखल खरवडल्यावर दोन उपरे पाटे दिसले, दोन्ही बाजूंना एकेक. मूळ पाटे साधारण ६ मिमी जाडीचे आणि हा आतला ८ चा, कुठल्यातरी पिकअपच्या पाट्यातून कापलेला, कडा घासून रुंदी जुळवलेली. टोकं गॅसने कापलेली. कापलेल्या जागी पोलाद निळसर जळकं पडलं होतं. तिथलं पाणी (पोलादाला तापवून-विझवून दिलेला कडकपणा) उतरलेलं, म्हणजे टोक ठिसूळ तरी किंवा मऊ तरी, भरवशाचं नाहीच. शिवाय ते चौकोनी टोक वरच्या पाट्यात रुतून त्याने तिथे नखभर खोल खाच पाडली होती. पाटा जेव्हा मोडतो तेव्हा अशाच खाचेतून मोडतो.

आता दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. लांबी-रुंदी सारखी धरली तर ८ मिमीचा एक पाटा ६ मिमीच्या जवळजवळ अडीच पाट्यांइतका कडक. म्हणजे गाडीत एक पाटा वाढला नव्हता, अडीच वाढले होते. त्यात पाट्यांच्या मधे मांद्र्याची वाळू आणि सत्तरीची तांबडी माती यांचा पक्का गिलावा. पाट्यांनी एकमेकांवर घसरायचं असतं, तेव्हाच पॅक, म्हणजे पाट्यांचा संच, वाकतो. हे पाटे एकमेकांना चिकटून एकच जाड पट्टी झाले होते. छोट्या खड्ड्यांना ती वाकतच नव्हती, सगळा धक्का थेट चॅसीला. डाव्या मेन (सगळ्यात वरच्या, डोळे असलेल्या) पाट्याच्या डोळ्यापाशी केसाएवढी चीरही होती. रॉकेलने पुसून वर खडू घासला तेव्हा ती रेघ उमटली, एरवी दिसली नसती.

पाट्यांचं काम गॅरेजमध्ये होत नाही. त्यासाठी उसगाव-तिस्कच्या बाजूचे एक कमानपाटेवाले मामा गाठले. मूळचे खानापूरकडचे. खाणी धडाक्यात चालू होत्या त्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. खनिजाचे ट्रक रोज शेकड्यांनी धावायचे, आणि भरलेल्या टिपरचे पाटे मोडायला रस्त्यातला एक खड्डा पुरतो. मामा सांगतात, तेव्हा रात्री दुकान बंद करायची सोय नव्हती. ड्रायव्हर दारातच ट्रक लावून झोपायचे. २०१२ साली खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. टिपर गेले, गिऱ्हाईक गेलं. भट्टी, ऐरण, प्रेस आणि मामांचा हात तेवढा राहिला. आता वाळूचे टेंपो, पिकअप आणि माझ्यासारखे हौशी येतात. हौशी मंडळींबद्दल मामांचं मत फारसं चांगलं नाही.

"उंच करायचीय काय?" त्यांनी पाटे बघायच्या आधीच विचारलं.

"नाही मामा. मऊ करायचीय."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "मग बसा की ओ," म्हणाले, आणि पोराला चहा सांगितला.

त्यांनी पहिलं काम केलं ते दोऱ्याचं. मेन पाट्याच्या एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणला आणि सेंटर बोल्टाच्या भोकापाशी दोरा ते पाटा हे अंतर मोजलं. ही पाट्याची कमान. डावा आणि उजवा यांत बोटभर फरक. चीर गेलेला मेन पाटा सरळ बाजूला फेकला. डोळ्याला चीर असेल तर त्यावर वेल्डिंग करणारा माणूस दिसला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, असं वर सांगितलं. दोन्ही बाजूंना नवे मेन पाटे घ्यायचे ठरलं, म्हणजे जोडी सारखी राहील. बाकीचे मूळ पाटे खाच बघून, वाजवून, ठेवण्यासारखे निघाले. दुसरा पाटा, जो मेनच्या डोळ्याला अर्धा कवेत घेतो, तो तर हटकून ठेवायचा. मेन मोडला तर गाडीला घरी आणणारा तोच. कोणाला पाटे कमी करायचेच असतील तर वरच्या या दोघांना हात लावू नये.

मग ठोकाठोक. मी समजत होतो की पाटे भट्टीत लाल करून वाकवतील. मामांनी मान हलवली. लाल केला की पुन्हा तेलात विझवून, पुन्हा योग्य तापमानाला आणून पाणी द्यावं लागतं. ते नीट जमलं नाही तर पाटा एक तर काचेसारखा फुटतो नाहीतर महिन्याभरात बसतो. नवा डोळा वळायचा असेल तर भट्टी हवीच, पण बसलेल्या पाट्याला कमान द्यायला थंड ठोक बरा. त्यांनी पाट्यावर खडूने इंच-इंचावर आडव्या रेघा मारल्या. दोन आधारांवर पाटा ठेवला आणि मधल्या रेघेपासून सुरुवात केली. एका रेघेवर एक घाव, मग पुढची रेघ. एकेका घावाने काही झाल्यासारखं दिसतच नाही. टोकापर्यंत जाऊन परत आले, पाटा उचलून जमिनीवर काढलेल्या खडूच्या कमानीवर ठेवला, डोळा बारीक करून पाहिलं, आणि पुन्हा मधून सुरुवात. घाव एकाच जागी लागोपाठ दोनदा बसला तर तिथे कोपरा पडतो आणि पाटा पुढे तिथेच मोडतो, म्हणून रेघा. घाव घालताना मामा एक शब्द बोलत नव्हते. पोरगा चहा घेऊन आला तो तसाच उभा राहिला.

प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा जरासा जास्त वाकलेला ठेवला. सुटे एकावर एक ठेवले तर मधे उजेड दिसायचा. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते आणि पाटे एकमेकांना ताणून धरतात. नाहीतर चाक खाली लोंबकळलं की पाटे खडखडतात. टोकं ग्राइंडरने गोल केली. टोकांखाली घालायला मी रबर सुचवलं, ते मामांनी हसण्यावारी नेलं. रबर धरून ठेवतं, सरकू देत नाही. त्यांच्याकडे खाणीच्या कन्व्हेयरखाली घसरपट्टीला वापरतात तसल्या पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकचे तुकडे होते. त्याच्या पातळ चकत्या कापून टोकांखाली बसवल्या. पाट्यांच्या मधे ग्रीस भरायचं नाही, हेही त्यांचंच. आमच्या तांबड्या धुळीत ग्रीसचा चार दिवसांत सँडपेपर होतो. त्याऐवजी पाटे साफ घासून ग्राफाइटचा कोरडा हात दिला.

शेवटची पायरी मला अगदीच नवी होती. पॅक बांधून झाल्यावर तो प्रेसखाली घातला आणि दाबून सपाट केला, एवढंच नाही तर सपाटच्याही किंचित पलीकडे. सोडला. पुन्हा दाबला. पहिल्या दाबाला कमान थोडी उतरली, दुसऱ्याला अगदी जराशी, नंतर दोरा लावला तर फरक नाही. "हे बसणं इथंच होऊ दे," मामा म्हणाले, "तुमच्या गाडीखाली कशाला?" नवे पाटे घातल्यावर महिन्याभरात गाडी खाली आली अशी तक्रार करणाऱ्यांनी ही पायरी झाली होती का ते विचारून घ्यावं.

ते दोन उपरे पाटे मामांनी ठेवून घेतले. पाट्याच्या पोलादाचे कोयते उत्तम होतात, हे आमच्याकडे कुठल्याही कुळागरवाल्याला ठाऊक आहे. त्यातल्या चांगल्या भागाचा एक मला बनवून द्यायचं कबूल केलंय.

गाडीवर परत चढवणं त्यामानाने सरळ. नवे बुश, नवे यू-बोल्ट, शॅकलला आतून ग्रीस भरता येईल असे बोल्ट. सेंटर बोल्टाचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलंय हे बोट घालून बघायचं, मग यू-बोल्ट चौफुली पद्धतीने थोडे थोडे आवळायचे, चारही टोकांना बाहेर आलेले आटे सारखे दिसेपर्यंत. एक गोष्ट मात्र पुष्कळ गॅरेजांत गाळली जाते. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबरी बुश आवळला त्या स्थितीत धरला जातो. लोंबत्या चाकावर आवळला तर गाडी जमिनीवर आल्या आल्या तो पिळलेला असतो, पाट्याला फुकटचा कडकपणा देतो आणि वर्षभरात फाटतो. गाडी चाकांवर उतरवून, मागे दोनदा हेलकावे देऊन, मग खाली आडवं होऊन टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्याला आवळले. मेस्तांना टॉर्क पान्याची गरज वाटत नव्हती. त्यांचा हातच पाना आहे. पण त्यांनी समजूतदारपणे मला माझं समाधान करून घेऊ दिलं.

मग कोन. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या फ्लँजला, म्हणजे जोडणीच्या चकतीला, टेकवलं, नंतर पिनियनच्या फ्लँजला. साध्या क्रॉसच्या शाफ्टला हे दोन फ्लँज एकमेकांना समांतर लागतात. एका अंशाचाही फरक निघाला नाही, पाचरीचा प्रश्नच मिटला. मूळ उंचीच्या आसपास राहण्याचा हा फायदा.

मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह लोकांच्या लक्षात येत नाही. माझ्या गाडीत चॅसीवर एक व्हॉल्व्ह आहे आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली. गाडी मागून दबली की त्याला कळतं की भार आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. उंच असली तर रिकामी समजून दाब कमी करतो, म्हणजे चाकं घसरू नयेत. पाटे कडक असताना हा व्हॉल्व्ह क्रेट भरलेले असतानाही गाडी रिकामीच समजत असणार. आणि ज्यांनी चार-पाच इंच उचलून हा तसाच ठेवला, त्यांचे मागचे ब्रेक कायम अर्धपोटी. दांडीची जागा जुळवून घेतली, ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. एक चाक पूर्ण लोंबतं सोडून ब्रेकचा होस ताणत नाही ना, तेही पाहिलं. शॉकअप नवे टाकले, मूळ लांबीचेच, साधे. मऊ पाट्यांना थकलेले शॉकअप चालत नाहीत, गाडी नावेसारखी डोलत राहते.

एक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून असलेल्या बंप स्टॉपच्या रबरावर, पाटे किती दबतात ते कळावं म्हणून, शाडू मातीचा गोळा चिकटवून गाडी बाहेर काढली. वाळपईकडे जाताना गतिरोधकांवर पहिला फरक जाणवला: आधी गाडी उडायची, आता दबून वर यायची. चोर्ल्याच्या वळणांवर थोडी जास्त कलते, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. कुळागराच्या वाटेवर व्हाळ ओलांडून त्या कातळावर डावं चाक घातलं. मागचा एक्सल चक्क तिरका झाला आणि उजवं चाक खाली राहिलं. सेकंड गिअरमध्ये, लो रेंजला, पाय जवळजवळ न लावता चढली. घरी येऊन शाडूचा गोळा पाहिला. चेपला होता, पण सपाट नव्हता. डावं मागचं चाक चिऱ्यांच्या दोन थरांवर असलं तरी आता उजवं जमिनीला टेकतं. उंची दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी, आणि गाडी पूर्वीपेक्षा २० मिमी खाली. लिफ्टबद्दल विचारणाऱ्यांना मी हा आकडा अभिमानाने सांगतो. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यू-बोल्ट पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. पाटे, चकत्या, रंग, सगळं दबून जागा करतं. माझे पाव आटा फिरले. त्यानंतर हलले नाहीत.

किंमत द्यावीच लागली, ती ओझ्यात. काजूच्या मोसमात पोती भरून गाडी आणली तेव्हा मागून बरीच बसली आणि एका खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळली. खर्च म्हणाल तर चांगल्या टायरांच्या जोडीपेक्षा कमी आला, त्यात सगळ्यात महाग शॉकअप. ओझ्यासाठी मामांनी उपाय सुचवलाय: पॅकच्या सगळ्यात खाली एक आखूड, सपाट पाटा, जो रिकाम्या गाडीत कशालाच टेकत नाही आणि पाटे बरेच दबले तरच कामाला लागतो. मार्चच्या आधी तो बसवून घेईन.

मागचं मऊ झाल्यावर पुढचं जास्तच कडक वाटू लागलं आहे. तिथे मात्र शॅकल पुढच्या टोकाला आहेत, पाट्याच्या कमानीवर कॅस्टरचा (पुढची चाकं सरळ धरणारा) कोन ठरतो आणि तो बिघडला तर स्टीअरिंग हातात थरथरतं. मेस्तांचं म्हणणं, आधी स्टीअरिंगच्या जोडणीतले किंगपिनचे बेअरिंग आणि टाय रॉडची टोकं बघू, मग पाट्यांचं. पावसाआधी तेवढं उघडून बघायचं ठरलंय.